डॉक्टरांच्या गाडीचं सर्टिफिकेट

स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला.

मी गाडीखाली उताणा झोपलो होतो. जिथं ठोकल्यावर लोखंड 'ठण्ण' वाजायला पाहिजे, तिथं 'थप' असा आवाज आला होता. म्हणून स्क्रू-ड्रायव्हर टेकवून जरा दाबला. तो ढोकळ्यात सुरी जावी तसा गेला आणि माझ्या तोंडावर मूठभर गंज पडला.

गाडीशेजारी डॉक्टर महाजनांचे पॉलिश केलेले बूट दिसत होते. बुटांच्या वरून आवाज आला, "काय म्हणतीय रे मन्मथ?"

"डॉक्टरसाहेब, जरा वाकून बघता का?"

"मी कशाला वाकू? मिस्त्री तू हायेस."

ही गोष्ट सिरसाळ्याची. तिथं मेन रोडला माझं गॅरेज होतं. आयटीआय केलेला मिस्त्री आसपास मी एकटाच, त्यामुळं मला थोडी मिजासही होती. महाजन डॉक्टर गावातले जुने. हाताला गुण होता आणि जिभेला काटा. पेशंटला घाबरवायचं नाही वगैरे त्यांना मान्य नव्हतं. नाडी हातात घेऊन सगळ्यांदेखत सांगायचे, "ह्याचं काही खरं न्हाई. पोरींना बोलावून घ्या." दवाखान्यात बोर्ड होता : 'आजार लपवू नका, वेळेवर दाखवा.'

त्यांची गाडी म्हणजे मोठी, गोल बोनेटची, पांढरी. सासऱ्यांनी लग्नात दिलेली. एके काळी पंचक्रोशीत तेवढी एकच गाडी होती, म्हणून लोक तिला नुसतं 'गाडी' म्हणायचे. कुणाचं फार बिघडलं की डॉक्टर त्याला मागच्या सीटवर आडवा करून स्वतः अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचे. त्याबद्दल माझ्या मनात आदर होता. आजही आहे.

पण दिवस बदलले होते. घरोघर केबल आली होती. टीव्हीवर दर दहा मिनिटांनी कुणीतरी नवी गाडी घेऊन हसत होतं. पूर्वी ज्याला कर्ज म्हणायचे आणि चारचौघांत लपवायचे, त्याला आता फायनान्स म्हणायचे आणि पेढे वाटायचे. त्यात समोरच डॉक्टर काळे नावाच्या तरुण डॉक्टरांनी दवाखाना टाकला आणि लाल रंगाची छोटी नवी गाडी आणली. तिला एसी होता. लगेच गावात बोलणं सुरू झालं, "काळे डॉक्टरचं औषध थंड पडतं." महाजनांच्या बाकड्यावर जागा मिळू लागली.

महाजनबाई म्हणायला लागल्या, विका ती गाडी. डॉक्टर म्हणायचे, "तुझ्याच वडिलांची आठवण हाय." बाई म्हणायच्या, "माझ्या वडिलांची आठवण मला जड झाली, तुम्हाला कावून सुटंना?"

या भांडणाचा निकाल लावायला डॉक्टर माझ्याकडं आले होते. म्हणजे निकाल त्यांचा ठरलेला होता. मी फक्त शिक्का मारायचा होता.

मी बाहेर आलो, तोंड पुसलं. म्हटलं, "इंजिन झकास हाय. कॉम्प्रेशन चांगलं दाखवतंय." कॉम्प्रेशन म्हणजे सिलेंडरमध्ये तयार होणारा दाब. तो पुरेसा असेल तर इंजिनात अजून दम आहे असं समजायचं.

डॉक्टर खुलले. "मी म्हणलं न्हवतं? अजून दहा वर्ष बघायला नको!"

"इंजिनाला नकोच बघायला. पण ते ज्या पत्र्यात बसलंय तो गेला."

मग मी त्यांना समजावून सांगितलं. ट्रकला खाली वेगळी चेसिस असते, म्हणजे लोखंडी सांगाडा. वरची बॉडी सडली तरी सांगाडा टिकतो. या गाडीला तसं नाही. खालचा पत्रा आणि बॉडी मिळून एकच डबा. चाकाला धरून ठेवणारा आर्म ज्या जागी बोल्ट केलेला असतो, तिथलाच पत्रा गंजला होता. रोज बोअरच्या खाऱ्या पाण्यानं गाडी धुवायची आणि ओल्या पत्र्याच्या शेडमध्ये लावायची, हे वीस वर्षं चाललं होतं. वरून चमक, खालून भुगा.

"मग वेल्डिंग मार."

"वेल्डिंगला चांगलं लोखंड लागतं, साहेब. भुग्याला काय चिकटवू?"

"पण चालतीय ना?"

"चालतीय. एखाद्या दिवशी चाक आपलं आपलं जाईल. पेशंट नेऊ नका हिच्यातून. काढून टाका."

डॉक्टरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आयुष्यभर लोकांना 'ह्याचं काही खरं न्हाई' सांगणारा माणूस पहिल्यांदा बाकड्याच्या दुसऱ्या बाजूला बसला होता. त्यांनी तेच केलं जे त्यांचे पेशंट करायचे. आधी माझ्याकडं बघितलं, मग गाडीकडं, मग म्हणाले, "तुला त्या कंपनीवाल्यांनी किती कमिशन कबूल केलंय?"

मला राग आला. पण गिऱ्हाईक होते, त्यात डॉक्टर. मी घोड्यांवरून, म्हणजे गाडी टेकवायच्या लोखंडी स्टँडवरून, गाडी खाली घेतली आणि चावी दिली.

पुढच्याच आठवड्यात गाडी परळीच्या एका मिस्त्रीकडं जाऊन आली. त्यानं भोकांवर पत्र्याचे तुकडे ठेवले, वरून डांबर फासलं आणि बाहेरून कलर मारला. डॉक्टर मुद्दाम माझ्या गॅरेजसमोर थांबले. हॉर्न वाजवून म्हणाले, "बघ. गुण असावा लागतो हाताला!" माझ्याकडची दोन गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो. तोंड वाकडं करून धंदा होत नाही.

महिनाभर गाडी खरंच चालली. डांबरालाही थोडी इज्जत असते.

मग बाजाराचा दिवस आला. सकाळी अकराचा सुमार. धोंडिबा नावाचा एक मेंढपाळ हर्नियानं आडवा झाला होता. डॉक्टरांनी त्याला मागच्या सीटवर झोपवलं, पायाशी त्याची बायको बसली, आणि अंबाजोगाईला निघाले. गर्दीमुळं गाडी माणसाच्या चालीनं चालली होती. काळे डॉक्टरांच्या दवाखान्यासमोर ग्रामपंचायतीनं नवा स्पीड-ब्रेकर केला होता. त्यावर पुढचं चाक चढलं आणि 'कडाड' असा आवाज झाला. मी गॅरेजातून धावलो.

गाडी नमाजाला वाकल्यासारखी पुढं टेकली होती. डावं चाक आडवं होऊन मडगार्डात घुसलेलं. आर्म पत्र्यासकट उचकटून बाहेर आला होता, परळीच्या डांबरासकट. कुणाला खरचटलंही नाही. पण मी त्या चाकाकडं बघितलं. हेच अर्ध्या तासानं, परळीच्या पुढं, साठच्या स्पीडला झालं असतं तर तिघांना गोळा करून आणावं लागलं असतं.

भोवती अख्खा बाजार जमला. धोंडिबा बायकोच्या खांद्याला धरून कण्हत खाली उतरला. गाडीकडं बघितलं, डॉक्टरांकडं बघितलं आणि म्हणाला, "डॉक्टर, मह्या आधी हिलाच ॲडमिट करा. हिचं लई अवघड दिसतंय."

बाजार हसला. तेवढ्यात काळे डॉक्टर बाहेर आले. ते हसले नाहीत. "सर, पेशंटला मी सोडतो," म्हणाले आणि लाल गाडी काढली. बाजाराच्या हसण्यापेक्षा महाजनांना ते जास्त लागलं.

ट्रॅक्टर लावून, पुढचं टोक उचलून, गाडी माझ्या गॅरेजात आणली. डॉक्टर दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते एका तरुणाला घेऊन. शहरातल्या शोरूमचा माणूस. उन्हाचा कडाका, तरी गळ्यात टाय. तो स्वतःला एक्झिक्युटिव्ह म्हणत होता.

त्यानं मला स्कीम समजावली. एक्सचेंज म्हणजे जुनी गाडी द्यायची, तिची किंमत नव्या गाडीतून वजा. "कुठलीही कंडिशन चालेल अंकल. फक्त रनिंग पाहिजे. तुम्ही चाक बसवून द्या आणि तुमच्या लेटरहेडवर लिहून द्या, गाडी रनिंग कंडिशनमध्ये आहे. बस्स."

"पुढं काय करता गाडीचं?"

"पार्टी रेडी आहे. पाटोद्याचा माणूस आहे. पॅसेंजर मारणार."

पॅसेंजर मारणं म्हणजे खेड्यापाड्यांतून माणसं भरून नेणं. पाच जणांच्या गाडीत नऊ-दहा. ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर. मला मडगार्डात घुसलेलं चाक दिसायला लागलं.

"असं नाही लिहिता येणार," मी म्हटलं.

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. आवाज एकदम मऊ झाला. "मन्मथ, तुझ्या बायकोला आजवर किती मेडिकल दिले मी?"

माझी बायको झेडपीच्या शाळेत शिक्षिका. जास्तीची रजा पाहिजे असली की डॉक्टरांकडून मेडिकल, म्हणजे आजाराचं सर्टिफिकेट आणायचं. सगळेच मास्तर आणायचे.

"मागच्या वेळंला काय लिवलं होतं? कावीळ. पंधरा दिवस सक्तीची विश्रांती. आन् ती कुठं होती?"

"मेव्हण्याच्या लग्नात," मी म्हटलं.

"हळद लागली होती, हे खरं," डॉक्टर म्हणाले. "तिला न्हाई, तिच्या भावाला."

एक्झिक्युटिव्ह खो-खो हसला. माझे कान गरम झाले. मिजास उतरली. मी खरंच लेटरहेड काढलं, पेनही उघडलं. आज कबूल करतो, 'गाडी' हा शब्द लिहूनही झाला होता. पुढं हात चालेना.

"डॉक्टरसाहेब," मी म्हटलं, "माझं चुकलं. पण त्या मेडिकलच्या कागदावर नऊ माणसं बसून कुठं जाणार न्हवती."

"लई शहाणा झालास बे तू!" डॉक्टर भडकले. "गाडी माझी, विकणार मी, घेणार तो. तुझ्या बापाचं काय जातंय?"

उलट मी साधा, धंद्यातला प्रश्न विचारला. तो शहाणपणानं विचारला असं आज सांगायला आवडेल, पण तसं नव्हतं. सवयीनं विचारला. "आरसी बुक कुणाच्या नावावर होणार?"

आरसी बुक म्हणजे गाडीचा सात-बारा. मालक कोण, ते त्यावर लिहिलेलं असतं.

"होईल ना ट्रान्सफर," एक्झिक्युटिव्ह म्हणाला. "त्या लोकांचं सावकाश असतं. सहा महिने, वर्ष."

"तोवर?" हे डॉक्टरांनी विचारलं.

"तोवर सरांच्याच नावावर राहील. फॉर्मॅलिटी असते हो."

"आन् मधेच काही झालं तर?"

"होत नाही सर."

"पण झालं तर पोलीस कुणाच्या दारात येणार?"

एक्झिक्युटिव्हनं टाय सैल केला.

डॉक्टर उठले. गाडीभोवती एक फेरी मारली. त्या दोन मिनिटांत त्यांना पाटोदा तालुक्यातल्या समस्त प्रवाशांचा कळवळा आला. माझ्यासमोर येऊन ते गंभीर आवाजात म्हणाले, "मन्मथ, माणसाच्या जिवापेक्षा पैसा मोठा न्हाई. तू खरं काय ते लिही."

मी लिहिलं : 'इंजिन चांगले. बॉडी रस्त्यावर चालवण्यास योग्य नाही.' खाली सही केली. एक्झिक्युटिव्हनं कागद वाचला, घडी घातली आणि मलाच परत दिला. "असलं आमच्या फाईलला लागत नाही अंकल," म्हणाला. चहाही न घेता गेला.

बॉडी भंगारवाल्यानं माझ्याच अंगणात गॅसनं कापली. डॉक्टर बघायला आले नाहीत. बाई आल्या होत्या. शेवटचा तुकडा हातगाड्यावर चढेपर्यंत उभ्या राहिल्या, आणि जाताना डोळ्यांना पदर लावला. आठवण जड झाली म्हणणाऱ्या त्याच. इंजिन तेलगावच्या एका शेतकऱ्यानं नेलं आणि मळणी यंत्राला जोडलं.

डॉक्टरांनी पुढं एक्सचेंज न करता, फायनान्सवर, छोटी नवी गाडी घेतली. सहा फुटी माणूस, गुडघे स्टेअरिंगला लागायचे. मागच्या सीटवर आडवा पेशंट मावत नव्हता, म्हणून अंबाजोगाईला न्यायचे पेशंट आता बसूनच आजारी पडले पाहिजेत अशी परिस्थिती आली. पण एसी होता. बाकडं हळूहळू पुन्हा भरायला लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात बायको मेडिकलला गेली, तर डॉक्टरांनी तिला खरोखर तपासलं आणि लिहून दिलं, 'प्रकृती ठणठणीत.' आठ दिवस आमच्या घरात माझ्याशी कुणी बोललं नाही.

गॅरेज बंद करून आता बरीच वर्षं झाली. अजूनही कुणी ना कुणी विचारतो, गाडी ठेवू का काढू? खरं सांगा, म्हणतो. मी आधी त्याला विचारतो, आरसी बुक कुणाच्या नावावर आहे. गाडी त्याच्या नावावर असेल आणि बसणारही तोच असेल, तर सगळं खरं सांगतो. नाहीतर अर्ध्यातच थांबतो, कारण पुढचं ऐकायला तो आलेला नसतो.