एकाच अक्षरातल्या दोन याद्या

माझी नात शहापूरच्या कॉलेजात प्राचीन इतिहास शिकते आणि वाचन मात्र आमच्या ओटीवर मोठ्यानं करते. त्यामुळे तांदूळ निवडता निवडता माझंही शिक्षण होतं. गेल्या वर्षी दिवाळीतल्या वाघबारशीच्या आधी तिचं मेसोपोटेमिया चाललं होतं. तिथल्या लोकांनी मातीच्या पाट्यांवर राजांच्या याद्या लिहून ठेवल्या, पण त्या एकमेकींशी जुळत नाहीत. एका राजाला त्याच्याच मुलानं मारलं. कुठल्या मुलानं, तर एका पाटीवर मारणाऱ्याचं एक नाव, आणि दुसरीवर बापामागून गादीवर बसलेला मुलगा भलताच. शेजारशेजारच्या शहरांत एकाच वेळी राज्य करणारे राजे एकाखाली एक बसवलेले, जणू एक मेला म्हणून दुसरा आला. एक अख्खं शहर तर गाळूनच टाकलेलं.

"आजी, असं लिहितं तरी कोण गं?"

मला इतकं हसू आलं की सुपातले तांदूळ ओटीभर झाले. कोण लिहितं म्हणजे? मी लिहिते!

हसले खरी, पण ते हसू फार टिकलं नाही. त्याच आठवड्यात गावात एक भांडण पेटलं होतं. शिवेवरच्या वाघोबाला नवा चौथरा बांधला होता. वाघबारशीला त्याच्यापुढे पहिला नारळ फोडायचा मान आमच्या भावकीतल्या दोन घरांचा, एक साल आमचं, एक साल त्यांचं. आता मानकऱ्यांची नावं ग्रॅनाइटवर कोरून चौथऱ्याला लावायची होती. मुरबाडचा कोरणारा नावं मागत होता, आणि वर कुणाची यावरून माझा मुलगा आणि त्याचा चुलतकाका, म्हणजे माझे चुलत दीर, एकमेकांशी बोलेनासे झाले होते. दोघेही म्हणत, "आमच्याकडे जुना लेखी पुरावा आहे."

तो पुरावा काय आहे, हे जगात एका बाईला ठाऊक होतं. ती तांदूळ गोळा करत बसली.

शेणव्याहून किन्हवलीपलीकडच्या या गावात मी सून म्हणून आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. मॅट्रिक पास, दोन वेण्या, जांभळ्या शाईचं पेन आणि शिंगं. घरातल्या म्हाताऱ्यांना मी सांगायची, "'नाय' नाही, 'नाही' म्हणा." ते मला काय म्हणत असतील ते मी लग्नानंतर दहा वर्षांनी ऐकलं, बरोबरच म्हणत होते.

त्या वर्षीची वाघबारस अजून डोळ्यांपुढे आहे. करवंदीच्या जाळ्यांतून पायवाट, पुढे गुरं, मागे खिरीचं पातेलं. साल दुसऱ्या घरचं होतं आणि त्या घरात पुरुष उरला नव्हता. माझी चुलतसासू, तरणी विधवा, पदर कमरेला खोचून पुढे झाली. मूल, म्हणजे आजचे हे दीर, कडेवर. एका हातानं नारळ दगडावर हाणला. एका घावात दोन सारख्या वाट्या! माझ्या सासऱ्यांना तीन घाव लागायचे, आणि तिसरा बहुधा बोटावर.

घरी आल्यावर सासऱ्यांनी मला वही दिली. "लिव. पिढ्यान् पिढ्या कुनी फोडला ते." आपली माणसं त्यांनी वर सांगितली, त्यांची खाली. वही अरुंद होती. शेजारी शेजारी लिहायचं मला सुचलंच नाही. विधवेची दोन सालं त्यांनी गुपचूप स्वतःच्या नावावर घातली. मी खाली झोकदार रेघ मारली.

चार दिवसांनी चुलतसासूनं मला परसातून हाक मारली. पुढ्यात करवंदाच्या लोणच्याची बरणी.

"तुज्या सासऱ्यानं त्याची मानसं वर घातली ना गो? मला येक यादी लिवून दे. आमची वर घाल."

"आणि तुम्ही फोडलात ती दोन सालं?"

"ती पोराच्या नावावर लिव. माजं नको. आय नारल फोडायची म्हनून चिडवतील त्याला."

मी लिहिलं. बरणी पदराखाली घेऊन घरी आले आणि स्वतःला फार न्यायी समजले: दोन्ही घरांना एकेक यादी!

दोन्ही वह्या दोन पेट्यांत गेल्या आणि पन्नासएक वर्षं एकमेकींना भेटल्या नाहीत.

भेटल्या त्या आमच्या ओटीवर, एका दुपारी; कोरणाऱ्यानं तगादा लावला म्हणून मुलगा आणि दीर आपापली वही घेऊन बसले होते. नातीनं दोन्ही शेजारी ठेवल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

"आजी, दोन्ही अक्षर तुझंच."

मग दिरांकडे वळून म्हणाली, "आणि आजोबा, या सालात तुम्ही पाळण्यात असाल. पाळण्यातून नारळ फोडलात?"

मुलगा खो खो हसला. दीर लाल झाले. मातीच्या पाट्यांवरचे राजे हजारो वर्षं राज्य करतात म्हणे. आमचा राजा दुपट्यातून नारळ फोडत होता.

मी गप्प राहिले असते तर सुटले असते. पण सकाळीच नातीनं वाचलं होतं की त्या राजांच्या एका यादीत एक बाई आहे, दारूचा गुत्ता चालवणारी. तिला कुठे बसवावं यावर त्या यादीच्या नकलांचं एकमेकींशी जमत नाही, पण गाळलं कुणी नाही. गुत्तेवाली टिकली, आणि माझ्या हातून कोण पुसलं गेलं?

मी सगळं सांगितलं. लोणच्यासकट.

दिरांनी वही जवळ ओढून त्या दोन सालांवर बोट ठेवलं. "आये फोडायची?"

"एका घावात. तुम्ही कडेवर होतात."

"वयनी, मला कुनी सांगितला नाय."

"तिनंच नको म्हटलं होतं."

त्यांनी डोळे पुसले नाहीत, नुसती टोपी काढून मांडीवर ठेवली. माझ्या मुलाला म्हणाले, "तुमची वर घाल रे. पन आयेचं नाव पायजे."

"वर-खाली कशाला काका, शेजारी शेजारी घालू," मुलगा म्हणाला. "पाटी रुंद लागंल."

"मंग घे रुंद."

मी तिसरी यादी लिहायला बसले. अक्षर आता मुंग्यांच्या रांगेसारखं. चुलतसासूचं नाव लिहिलं, पुढे दोन्ही सालं.

नात खांद्यावरून बघत होती. "पण आजी, हीच खरी कशावरून?"

"या वेळी मला कुणी लोणचं दिलं नाही, यावरून."