मिलिंदचा पहिला जिल्हा

गाइड लोकांकडं एवढे किस्से का साठतात, तर आमचा अर्धा दिवस वाट बघण्यात जातो. फर्दापूरच्या टी-पॉइंटवर पर्यटकांच्या गाड्या थांबतात, तिथून पुढं लेण्यांपर्यंत बसनं जायचं. ग्रुप येईपर्यंत आम्ही चार-पाच जण किसनमामाच्या टपरीवर बसलेलो असतो, आणि बसलेल्या गाइडला गप्प राहणं जमत नाही, त्याचं पोटच बोलण्यावर चालतं. पण हल्ली कुठलाही किस्सा निघाला की फिरून मिलिंदच्या व्हिएन्नावर येतो. मिलिंद माझा शाळेपासूनचा दोस्त. आत्ता मे महिना आहे, इथं बसायचा दगडसुद्धा तापलाय, आणि तो व्हिएन्नात कोट घालून फिरतोय. दर उन्हाळ्यात जातो. बाकीचे म्हणतात, नशीब आहे त्याचं. मी तसलं काही म्हणत नाही. मी सरळ जळतो.

*

जर्मन आम्ही दोघं एकाच वर्गात शिकलो, संभाजीनगरला जाऊन-येऊन. मार्क मला जास्त. उच्चार माझे चांगले. मिलिंदचं जर्मन ऐकून आमचे सर म्हणायचे की हा बैल हाकतोय असं वाटतं.

तर एकदा ऑस्ट्रियाचा ग्रुप आला. पाळीनं नंबर माझा होता. पण त्याच दिवशी सिल्लोडला माझ्या मेव्हणीचं लग्न. मी मिलिंदला म्हटलं, तू घे हा ग्रुप. त्यात लेनरबाई म्हणून एक म्हाताऱ्या विधवा बाई होत्या. पायऱ्या चढताना त्यांचा गुडघा धरायचा, म्हणून मिलिंदनं पहिल्या लेणीपासून शेवटच्या लेणीपर्यंत त्यांना हात दिला. निघताना बाई म्हणाल्या, माझ्या घरी या.

असं प्रत्येक पाहुणा म्हणतो. आपण मान हलवायची असते. पण या बाईंनी खरंच विमानाचं तिकीट पाठवलं.

मी तोवर जिलेबी खाऊन परत आलो होतो. तेव्हापासून माहेरी कुठलंही लग्न निघालं की बायको आधीच सांगते, "तुम्ही नका येऊ. नंबर बघा."

*

तिथं पोचल्यावर मिलिंदचा पहिला फोन आला तो मी स्पीकरवर टाकला. तो म्हणाला, बाईंचं घर फर्स्ट डिस्ट्रिक्टमध्ये आहे. जुन्या शहराचा मधला भाग, राजेमहाराजांपासूनचा, सगळ्यात महाग. तिथं घर असणं म्हणजे पिढ्यान्पिढ्यांचा मामला.

किसनमामानं विचारलं, जिल्हा केवढा मोठा आहे? मिलिंद म्हणाला, सकाळी चालायला निघालो की नाश्त्याच्या आत या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन येतो.

इथून आपल्या जिल्ह्याच्या गावाला जायचं तर एसटीत कंबर मोडते. मामा म्हणाला, "जिल्हा असा पायजे. कागद राहिला तर माणूस घरी जाऊन आणंल."

*

मग व्हिडिओ कॉल सुरू झाले. मिलिंद खिडकीतून मोबाइल बाहेर धरायचा आणि आम्ही टपरीवर डोकी एकत्र करून बघायचो. खाली दगडी फरशीचा रस्ता. दुकानाच्या अख्ख्या काचेत एकच पर्स ठेवलेली. लांब चर्चचं टोकदार शिखर. आणि रस्त्यानं दोन घोड्यांची बग्गी चाललेली, हाकणाऱ्याच्या डोक्याला काळी गोल टोपी.

आमच्यात सगळ्यात जुने गाइड गफ्फारचाचा. त्यांच्या वडिलांचा औरंगाबादला टांगा होता, स्टेशनवर उभा राहायचा. चाचांनी बग्गी दिसेनाशी होईपर्यंत बघितली आणि चष्मा काढून पुसला.

"हमारे टांगे बंद हुए तो लोगाँ बोले, शहर सुधर गया," चाचा म्हणाले. "अब ये इत्ते दूर जाको टांगा देखता."

*

मिलिंदचे फोटो बघून माझं डोकं फिरलं होतं. त्या आठवड्यात कामासाठी संभाजीनगरला गेलो, तर कॅनॉटला एका नव्या कॉफी शॉपमध्ये शिरलो. कप हातात, मागं काच, काचेत दिवे, असा फोटो काढला. खाली लिहिलं, "कॉफी अॅट कॅनॉट". स्टेटसला टाकला.

कॅनॉट म्हणजे सिडकोतलं मार्केट, हे इथल्या पोरासोरांना माहीत आहे. पण बायकोची पुण्याची मावसबहीण इथं कधी आली नव्हती. तिला ते नाव विलायतेतलं वाटलं, तिनं सगळ्या नातेवाइकांना कळवलं की दाजी लंडनला गेले. संध्याकाळपर्यंत अभिनंदनाचे फोन. एका भाच्यानं परफ्यूम आणायला सांगितला.

मी खुलासा करणार होतो. पण सासऱ्यांचा फोन आला, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच ते मला अहो-जाहो करत होते. मग म्हटलं, दोन दिवस राहू दे.

*

व्हिएन्नाच्या त्याच मुक्कामात मिलिंदला तिथल्या गाइडनं पकडलं. झालं असं, की मोठ्या चर्चमध्ये नागपूरचं एक मराठी कुटुंब गोंधळून उभं होतं. मिलिंदला राहवेना. लेनरबाईंनी त्याला सगळं चर्च दाखवून ठेवलेलं, तो मराठीत सुरू झाला. हळूहळू आणखी दहा-बारा देशी लोक गोळा झाले. तेवढ्यात छातीवर बिल्ला लावलेली एक बाई आली आणि तिनं विचारलं, तुमचं लायसन्स?

मिलिंदनं सांगितलं की मीसुद्धा गाइड आहे, भारतात. ती म्हणाली, "मग मी बिनालायसन्सची तुमच्या लेण्यांत येऊन बोलले, तर चालेल तुम्हाला?"

मिलिंदनं प्रामाणिकपणे सांगितलं, नाही चालणार. आम्ही तर हुसकून लावतो.

इथपर्यंत ऐकून टपरीवर आम्ही सगळे इतके खूश झालो की मामानं स्वतःहून चहा टाकला. पण पुढं ती बाई हसली, आणि त्याला पूर्ण दिवस आपल्याबरोबर फिरवलं, तळघरांसकट. हा किस्सा आम्ही एकमेकांना अजून सांगतो. बिल्ल्यापर्यंतच सांगतो.

*

परत आल्यावर त्याचं वेगळंच सुरू झालं. म्हणे तिथल्या कॉफीहाउसात एक कप घेऊन कितीही वेळ बसा, कुणी ऊठ म्हणत नाही. काळ्या कोटातला वेटर येतो आणि नुसतं पाण्याचा ग्लास बदलून जातो. किसनमामानं मुकाट्यानं ऐकलं, ग्लास विसळला आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "ह्यो इथं किती वर्सं बसलाय रं? मी कवा उठवला ह्याला?"

*

शेवटचा किस्सा मी टपरीवर सांगत नाही.

पुढच्या हिवाळ्यात लेनरबाई परत आल्या. लेण्या बघायच्या नव्हत्या, त्यांना मिलिंदचं घर बघायचं होतं. फर्दापुरातच आहे, माझ्या घरामागच्या गल्लीत. दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि घरात आई, भाऊ, भावजय, भावाची पोरं. बाई आलेली बघून गल्लीतल्या बायकाही दारात येऊन बसल्या. घरात दूध नव्हतं म्हणून मिलिंद ते आणायला गेला, आणि जर्मन कळणारा मी एकटाच उरलो.

बाई बाजेवर बसल्या होत्या. समोर मिलिंदची आई, शांतामावशी, सुपात तूर निवडत होती. बाईंनी एकेका पोराकडं बघितलं आणि मग मला हळू आवाजात सांगायला लागल्या. नवरा गेल्यापासून त्या मोठाल्या खोल्यांत त्या एकट्याच असतात. जिन्यात शेजारी भेटले तर नमस्कार होतो, पुढं काही नाही. मिलिंद राहायला आला तेव्हा किती तरी दिवसांनी त्यांनी दुपारचा स्वयंपाक केला. उन्हाळ्यात इथं काम नसतं, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून आईला विचारा, म्हणाल्या, दर उन्हाळ्यात त्याला माझ्याकडं पाठवाल का? आईनं हो म्हटल्याशिवाय त्याच्यापाशी विषय काढायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

मावशीला जर्मनचा एक शब्द कळत नव्हता. मिलिंद गल्लीच्या पलीकडं गेलेला. ते वाक्य जरासं इकडचं तिकडं केलं असतं, तर कुणाला कळलं नसतं. हे माझ्या मनात आलं नाही, असं मी म्हणणार नाही.

"काय म्हणती रं बाई?" मावशीनं विचारलं.

मी जसंच्या तसं सांगितलं.

मावशीचा सुपातला हात थांबला. तिनं बाईंकडं बघितलं. मग म्हणाली, "जाऊ दे की. एकली हाय बिचारी. उन्हाळ्यात हितं बसून तरी काय करतो?"

पुन्हा तूर निवडायला लागली. निवडता निवडता तिनं माझ्याकडं बघितलं.

"पण अन्या, तुजं त्वांड का रं उतरलं? तुला बी न्ये म्हणून सांगू का तिला?"

दारातल्या बायका हसल्या. लेनरबाई माझ्याकडं वळल्या आणि विचारलं, "आई काय म्हणाल्या?"

मी म्हटलं, "हो म्हणाल्या. आणि चहा घेतल्याशिवाय जायचं नाही म्हणतायत."