ग्रुप सोडला, तर ग्रुप पेणला आला

आमच्या खानदानाचा ग्रुप मी सोडला तो एका गणपतीच्या डाव्या डोळ्यामुळे.

मी पेणचा. घरामागच्या शेडमध्ये बसून गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखतो. मूर्ती दुसरे घडवतात, रंग तिसरे मारतात, माझ्याकडे फक्त डोळे. (एकट्याने बसून, कोणाशी एक अक्षर न बोलता करायचं काम म्हणून वडिलांनी मला मुद्दाम हेच शिकवलं. लहानपणी घरी पाहुणे आले की मी कॉटखाली सापडायचो.) बुबुळाची कड काढताना श्वास रोखून धरावा लागतो. त्या दिवशी मी श्वास धरला, ब्रश टेकवला, आणि खिशातला मोबाइल टिंग करून वाजला. हात उडाला आणि गणपतीचा डावा डोळा थेट कानाच्या दिशेने निघाला!

मेसेज रोह्याच्या मामांचा होता. 'शुभ सकाळ. मनःशांती हेच खरे धन.'

डोळा पुसून पुन्हा काढता येतो. पण मामांच्या मागोमाग बाकीच्या सगळ्या खानदानाने हात जोडले, फुलं पाठवली, कोणीतरी हलणारी समई पाठवली, आणि माझा अख्खा दिवस पुसण्यात गेला. संध्याकाळी मी लेकीला फोन लावून रडगाणं गायलो. केतकी ठाण्याला शिकते, त्यामुळे तिला सगळं कळतं.

"बाबा, तुम्ही इंट्रोव्हर्ट आहात," ती म्हणाली. "माणसांत तुमची एनर्जी संपते. सोशल मीडिया सोडा आणि एनर्जी वाचवा."

मला एकदम मोठा आजार सापडल्यासारखं वाटलं. मी बायकोला सांगितलं, "सुनंदा, मी इंट्रोव्हर्ट आहे."

"आमच्याकडं त्याला माणूसघाणा म्हणतात," ती भाजी निवडत म्हणाली. "औषध नाय त्यावर."

तरीही मी निर्धार केला. कारण तसंच होतं. मूर्तींच्या कारखान्याच्या शेठचा माल बोटीने परदेशी जायचा होता, म्हणून ही घाई हिवाळ्यातच. सोमवारी सकाळी गाडी येणार, तोवर सगळ्या मूर्तींचे डोळे पुरे व्हायला हवेत, नाहीतर पुढच्या वर्षीपासून हे काम दुसऱ्या कोणाकडे, असं शेठनी हसत हसत सांगितलं होतं. (शेठ रागावून बोलले तर काळजी नसते. हसून बोलले की ते खरं असतं.) मी खानदानाचा ग्रुप सोडला, गल्लीचा सोडला, दहावीच्या बॅचचा सोडला, आणि मोबाइल बंद करून तांदळाच्या डब्यात तळाशी पुरला.

सुनंदा म्हणाली, "पाण्यात पडलेला मोबाइल तांदळात ठेवतात. हा तर कोरडा हाय!"

"मी बुडत होतो," मी म्हणालो आणि ताठ मानेने शेडमध्ये गेलो.

दोन दिवस अगदी स्वर्ग होता. डोळे असे सरसर उतरत होते की मलाच माझं कौतुक वाटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. दारात आमच्या गल्लीतला नरेश. तो रोह्याच्या एका कंपनीत कामाला आहे, शिफ्टप्रमाणे रोज पेण-रोहा करतो.

"दादा, मामांनी दिलंय," म्हणून त्याने एक कार्ड पुढे केलं.

कार्डावर स्केचपेनने काढलेला गुलाब होता आणि खाली मामांचं वळणदार अक्षर, 'शुभ सकाळ'. घड्याळात चार वाजायला आले होते.

इथे मामांविषयी सांगायला हवं. मामा रोह्याच्या शेजारी वरसेला राहतात. ते पोस्टातून रिटायर झाले, पण पोस्ट काही त्यांच्यातून रिटायर झालं नाही. सख्ख्या भाच्याला टपाल पोचत नाही म्हणजे काय! ते सरळ कंपनीच्या बसस्टॉपवर जाऊन उभे राहिले आणि पेणचा माणूस हुडकून काढला.

"बरं, ठेवतो," म्हणून मी दार लावायला लागलो.

"तसं नाय दादा. टिका मारा."

"कसल्या टिका?"

"दोन. निळ्या पेनानं. मामा म्हणाले, त्याशिवाय त्यानं वाचलंय ते मला कसं कळणार? पोच घेतल्याबिगर यायचं नाय."

मी निमूट दोन निळ्या टिका मारल्या. नरेशने खिशातून स्टॅम्प पॅड काढलं. "आणि आवडलं असंल तर अंगठा."

अंगठाही दिला! (मॅट्रिक पास माणूस आहे मी.) मग नरेश ओटीवर टेकला, "वयनी, चहा हाय का?" म्हणाला, आणि कंपनीतल्या सुपरवायझरचं सगळं प्रकरण सुरुवातीपासून सांगत बसला. ग्रुपवरचा मेसेज एका बोटाने पुसता येतो. नरेश पुसता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा कार्ड आलं. नरेशची शिफ्ट बदलली तर त्याच्या ओळखीतला दुसरा कोणी यायचा, तोही चहा घ्यायचा, त्याचाही एक सुपरवायझर असायचा. मोबाइल निदान सायलेंटवर तरी टाकता यायचा! सोमवार जवळ येत चालला होता आणि फळीवरच्या बिनडोळ्यांच्या मूर्ती माझ्याकडे बघत होत्या.

पण मीही हट्टाला पेटलेला. मी दोन नियम केले. पहिला नियम: आखणीला बसलो की शेडचं दार बंद, आणि तोंडही बंद. बाहेर गलका झाला तर मी आतून दारावर दोन थापा मारणार. त्याचा अर्थ, आवाज बंद करा आणि लांब व्हा. हा मी सुनंदाला, नरेशला, शेजाऱ्यांना बजावून सांगितला. दुसरा नियम माझ्यापुरता होता: तरीही कोणी काही विचारलंच तर फक्त 'चालेल' म्हणायचं. कारण 'नाही' म्हटलं की पुढून 'का?' येतं, आणि 'का?'चं उत्तर द्यायला एनर्जी लागते.

शुक्रवारी नरेश दाराच्या फटीतून म्हणाला, "दादा, मामा विचारतात, रविवारी..."

मी एका बुबुळाच्या ऐन मध्यावर होतो. "चालेल."

"म्हणजे समदीच येतील, तर वयनीला..."

"चालेल!"

"शेंगा तिकडूनच आणतील. फकस्त मागची जागा..."

"चालेल रे बाबा!"

नरेश खूश होऊन गेला. मीही खूश. चहा वाचला, सुपरवायझर वाचला!

रविवारी दुपारी दारात टेम्पो थांबला. पुढे ड्रायव्हरशेजारी मामा, मांडीवर हे भलंमोठं मडकं. मागे वालाच्या शेंगांची पोती, भांबुर्डीच्या पाल्याचे भारे, पिशवीतून मान काढून बघणारी कोंबडी आणि सगळं खानदान! ज्यांना मी बोटाच्या एका टोकाने सोडलं होतं ते सगळे एकेक करून टेम्पोच्या फाळक्यावरून उतरत होते.

"बाळ्या!" मामांनी आरोळी ठोकली. "तू ग्रुपवर येत नायस ना? म्हटलं ग्रुपच तुझ्याकडं नेऊ!"

मी सुनंदाकडे बघितलं. ती म्हणाली, "तुम्हीच चालेल म्हणालात ना? नरेश सांगत होता, तीन-तीनदा म्हणालात. मला वाटलं, सुधारलात."

हिवाळ्यात वाल तयार झाले की आमच्याकडे पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर शेंगा, बटाटे, कोंबडी, ओवा, मीठ, वर पुन्हा पाला, मग मडकं पालथं घालून भोवती पेंढा पेटवायचा. ही एकट्याने करायची गोष्टच नव्हे. आणि यासाठी मामांना माझी शेडमागची मोकळी जागा हवी होती. शेडमध्ये शेवटच्या फळीवरच्या मूर्ती अजून राहिल्या होत्या आणि गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी यायची होती. मी म्हटलं, ठीक आहे, ते बाहेर, मी आत. माझा निर्धार कायम आहे.

जाळ पेटला आणि वारा फिरला. धूर, त्यात पेंढ्याची काळी राख, सगळं तरंगत शेडकडे निघालं. आत ओल्या रंगाचे डोळे!

"मूर्ती!" मी किंचाळलो.

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. कोणी चादरी आणल्या, कोणी पोरांच्या अंगातले शर्ट उतरवले. मामी खिडकीत पदर पसरून उभ्या राहिल्या आणि धुराला उद्देशून शिव्या द्यायला लागल्या. दार तर वाऱ्याने सारखं उघडत होतं.

मामा म्हणाले, "बाळ्या, तू आत जा. आम्ही बाहेरून कडी घालतो. तू डोळे काढ, धुराचं आम्ही बघतो!"

मला काही सुचायच्या आत मी आत होतो आणि कडी बाहेर होती. खिडकी चादरीने बंद झाली, फटींत ओली गोणपाटं कोंबली गेली. मी ट्यूबलाइट लावली आणि बसलो.

खोटं कशाला बोलू, इतकी छान आखणी माझ्या हातून कित्येक दिवसांत झाली नव्हती. बाहेर मामांचं गडगडाटी हसणं, मामींचं ओरडणं, पोरांची पळापळ, सगळं गोणपाटातून गाळून आत येत होतं. माझी सगळी माणसं हाकेच्या अंतरावर होती आणि मध्ये एक दार होतं. मला आयुष्यभर एवढंच तर हवं होतं! हात एकदाही हलला नाही. शेवटच्या मूर्तीचा डोळा पुरा झाला, मी ब्रश धुतला, आणि तेवढ्यात मडकं उघडल्याचा वास आला. ओवा, वाल, भांबुर्डी. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी उठलो आणि दारावर दोन थापा मारल्या.

बाहेर क्षणात सामसूम झाली.

"श्शू!" सुनंदाचा आवाज. "दोन थापा. आवाज बंद करा."

मी कपाळावर हात मारला. पुन्हा थापा मारल्या, जोरात.

"चिडलाय," मामा कुजबुजले. "अगो, भांडी वाजवू नकोस. पोरांनो, लांब व्हा तिकडं."

मी मुठीने दार बडवलं. मी जेवढं बडवावं तेवढं बाहेर आणखी शांत व्हावं! आमचं खानदान इतकं शांत मी कोणाच्या तेराव्यालासुद्धा बघितलेलं नाही. शेंगा सोलल्याचा आवाज येत होता, तोही चोरून सोलल्यासारखा.

आता तुम्ही म्हणाल, तोंडाने सांगायचं होतं. एक 'कडी काढा' म्हटलं असतं तर सुटलो असतो. पण इतके दिवस मला एकटं सोडा म्हणून ज्यांच्यावर गुरगुरलो, त्यांनाच आता मला तुमच्यात घ्या म्हणून हाका मारायच्या? निर्धार नावाची काही गोष्ट असते की नाही! मी तोंड मिटून वास घेत बसलो.

थोड्या वेळाने मामांची कुजबुज आली. "फोटो काढा पटकन, आन चला. उद्या त्याची गाडी हाय, उगा त्रास नको पोराला." मग पावलं वाजली, तीही चवड्यावर टाकलेली. टेम्पोसुद्धा त्यांनी सुरू केला नाही. आवाज नको म्हणून सगळ्यांनी मिळून गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलत नेला!

तेव्हा मात्र माझा निर्धार संपला. "अहो, कडी काढा!" मी जीव खाऊन ओरडलो. शेजारचा कुत्रा भुंकला. बाकी कोणी नव्हतं.

सुनंदा त्यांना पोचवून परत आली आणि तिने कडी काढली. "झाले का सगळे डोळे?"

"थापा मारत होतो मी!"

"ऐकल्या ना. किती शहाण्यासारखी वागली बघा सगळी."

"पोपटी कुठं आहे?"

"एक बटाटा हाय," ती म्हणाली. "मामा म्हणाले, गर्दीतलं खाणं तुम्हाला सोसत नाय."

तो बटाटा मी उभ्या उभ्या खाल्ला. थंड झाला होता, पण ओव्याचा वास होता. पहिल्यांदाच मला मामांवर राग धरता येईना. मामा मला भेटायला तेवढ्या लांबून आले होते आणि मी सांगितलं होतं तसंच अगदी, मला न भेटता गेले होते.

सोमवारी गाडी आली. शेठनी दोन-चार मूर्ती हातात घेऊन डोळे बघितले आणि अजिबात न हसता माल भरायला सांगितलं. म्हणजे काम टिकलं. दुपारी मी स्वतःच चहाचं आधण ठेवायला लावलं आणि फाटकात जाऊन उभा राहिलो. नरेश आला. आज कार्डावर गुलाब नव्हता, पोपटीचा रंगीत फोटो चिकटवला होता. खाली मामांचं अक्षर, 'आपले सर्व कुटुंब, पेण'.

नरेशने कार्ड उलटसुलट करून बघितलं. "दादा, यात तुम्ही कुठं?"

मामा मडकं घेऊन मध्यभागी, मामी, सुनंदा, पोरं, सगळे तोंडावर बोट ठेवून हसत होते. त्यांच्या मागे शेडचं दार होतं, कडी घातलेलं.

मी त्या दारावर बोट ठेवलं. मग घरातून निळं पेन मागवलं, दोन टिका मारल्या, आणि नरेशने मागायच्या आत अंगठा दिला.

तो फोटो मी आता शेडमध्ये लावला आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो, यात तुम्ही कुठे? मी बंद दार दाखवतो. माझा इतका हुबेहूब फोटो आजवर कोणी काढलेला नाही.