दगडच तर होते ते

चाकणच्या ज्या कंपनीत मी क्वालिटीला आहे, तिनं मला तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगसाठी जर्मनीला पाठवलं. तिथं मला शिकवणारी बाई निवृत्तीला आलेली होती. एका रविवारी ती मला तिच्या शहराचा जुना भाग दाखवायला घेऊन गेली.

दगडी वेस, लाकडी चौकटींची कललेली घरं, चौकातलं कारंजं. चर्चमध्ये लाकडात कोरलेली उंच वेदी होती. तिच्यातल्या एका म्हाताऱ्याच्या हातावरच्या शिराही दिसत होत्या. भिंतीशी एका सरदाराची दगडी मूर्ती होती. तिचा गुडघा मात्र वेगळ्याच, फिकट दगडाचा.

"रंग जुळला नाही वाटतं?" मी विचारलं.

"मुद्दाम जुळवला नाही. युद्धात इथं बॉम्ब पडले. माझी आई तेव्हा शाळेत होती. मुलांनी ढिगाऱ्यातून तुकडे वेचले, मोठ्यांनी त्यांवर नंबर टाकले. जे सापडलंच नाही, तेवढंच नवं केलं. काय गेलं ते दिसायला हवं ना?" मग तिनं सहज विचारलं, "तुझ्या गावात जुनं काय आहे?"

"विशेष काही नाही," मी म्हणाले.

धडधडीत खोटं! पुनावळ्यात, माझ्या सासरी, मारुतीच्या देवळाशेजारी तीन वीरगळ होते. गावच्या गाई सोडवताना मेलेल्या माणसांचे दगड. खाली गाई, मध्ये लढाई, वर अप्सरा वीराला घेऊन चाललेल्या, माथ्यावर चंद्र-सूर्य. बारा वर्षं मी त्यांना खेटून स्कूटर लावत होते. स्वतःचीच इतकी चीड आली की परत गेल्यावर पहिल्यांदा त्यांचे नीट फोटो काढायचे, असं मी ठरवलं.

परतले त्या शनिवारी देवळाकडे गेले. जुनं देऊळ पाडून नव्याचं काम चाललं होतं. वीरगळ जागेवर नव्हते. जीर्णोद्धार समितीचा अध्यक्ष माझा चुलत दीर. त्याला विचारलं.

"ते व्हय? भरावात घातलं की, वहिनी."

"भरावात?"

"दगडच हायती ते. आता मार्बल येतोय, बघा तरी!"

माझं डोकं फिरलं. "तुमच्या गाईंसाठी मेलेल्या माणसांना तुम्ही खड्ड्यात गाडलंत, आणि मला मार्बल दाखवता?" सगळे बघत होते. लग्नानंतर गावात माझा आवाज पहिल्यांदाच चढला होता. मी सरळ जाऊन जेसीबीपुढे उभी राहिले.

कोणीतरी सासऱ्यांना बोलावून आणलं. आता ते मलाच घरी नेणार, असं वाटलं. त्यांनी खड्ड्यात वाकून पाहिलं आणि पुतण्याला म्हणाले, "आमी दर दसऱ्याला त्यास्नी फूल वाहायचो. काढायच्या आदी कुनाला इचारावं वाटलं न्हाई व्हय रं तुला? काढ भाईर."

दोन निघाले, एकाचा माथा फुटलेला. तिसऱ्यावर काँक्रीट पडून पायरी झाली होती. ती फोडायला समिती तयार झाली नाही, आणि सासऱ्यांनीही तिथं जोर धरला नाही.

गेल्या महिन्यात कोणीतरी त्या दोघांना सोनेरी ऑइलपेंट फासला. अप्सरांचे चेहरे बुजून गेले. नवरा म्हणतो, "जाऊ दे ना, लोकांनी भक्तीनंच केलंय."

मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.