किनुएच्या तोंडातला घोट

किनुए कुदोचा उभा जन्म माकुलाच्या पोटात हात घालण्यात गेला. होक्काइदोतल्या त्या लहानशा बंदरावर ती माकूल, म्हणजे स्क्विड, फाडायची, त्याचं काळीज अखंड काढायची, मिठात मुरवायची आणि मांसाच्या पट्ट्या त्यात कालवून लाकडी पिंपात आंबवायची. त्या लालसर रबरबाटाला असा वास येतो की तोक्योहून आलेली माणसं नाकाला रुमाल लावतात. किनुएला त्यांची कीव यायची. ती रोज सकाळी चमचाभर रबरबाट गरम भातावर घेऊन बोटं चाटत जेवायची.

शिसारी तिला यायची ती माणसांची. लाळ, थुंकी, कफ. नवरा खाकरला की ही ताट घेऊन उठायची. तो बिचारा शेवटी अंगणात, बर्फात जाऊन खाकरायला शिकला. गोड वासाची औषधं तर तिच्या लेखी ओकारीच. नातवाचं सर्दीचं औषधसुद्धा सुनेनं पाजायचं, हिनं खिडकीबाहेर बघायचं.

नवरा पोटाच्या कर्करोगानं गेला. म्हणून नगरपालिकेच्या तपासणीत हिच्याही पोटात दुर्बीण घालायचं ठरलं, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. दुर्बिणीआधी एक औषध पाजतात. पोटातला चिकटा त्यानं विरघळतो, बुडबुडे मोडतात, डॉक्टरला आतली भिंत स्वच्छ दिसते. ते पिऊन खाटेवर कुशी बदलायच्या, पालथं व्हायचं, म्हणजे ते कानाकोपऱ्यात पोचतं. नर्सनं कागदी पेला हातात ठेवला. पांढुरकं, कोमट, खारट आणि वर गोडसर वास. किनुएच्या घशाशी आलं. पण चार माणसांत कुणी दिलेलं नाकारायचं, हे तिला जन्मात जमलेलं नव्हतं. तिनं वाकून आभार मानले, पेला घेऊन हात धुवायच्या खोलीत गेली, सगळं बेसिनमध्ये ओतलं आणि तोंड पुसत बाहेर आली. वर नर्सला म्हणाली, फार उपकार झाले. मग खाटेवर शहाण्या मुलीसारखी या कुशीवरून त्या कुशीवर लोळली. पोटात थेंब नाही आणि लोळतेय. असला मूर्खपणा फक्त सभ्य माणसंच करू जाणोत.

हातानाका नावाच्या डॉक्टरांना आत दिसला तो फेस आणि शेंबडासारखा चिकटा. त्याखाली एका जागी लालसर काहीतरी होतं, पण कितीही पाणी मारलं तरी ते धड दिसेना. त्यांनी लवकर परत यायला सांगितलं. किनुएनं घरी येऊन जाहीर केलं की डॉक्टरचे डोळे गेलेत, आणि तारीख पुढे पुढे ढकलत राहिली. त्या लालसर डागाची भीती मात्र तिच्याबरोबर जेवायला बसू लागली. भातावरचा चमचासुद्धा नकोसा झाला.

सून चिअकी लग्न होऊन आली त्या दिवसापासून सासूशेजारी उभी राहून माकुलं सोलत आली होती. बोलायचं सासूनं, ‘हो’ म्हणायचं हिनं. औषध पिऊनही इतका चिकटा राहिलेला आपण पाहिला नाही, असं डॉक्टर तिला फोनवर म्हणाले, तेव्हा तिला काय ते कळलं. तिनं नवी तारीख घेतली आणि सासूला गाडीत घातलं.

या खेपेला नर्स पेला देऊन समोरच उभी राहिली. किनुएनं सगळं तोंडात घेतलं, फुगल्या गालांनी मान लववली आणि तरातरा हात धुवायच्या खोलीकडे निघाली. दारात चिअकी.

“आई, कुठे निघालात?”

किनुएनं हातानंच तिला बाजूला हो म्हटलं.

“नाही व्हायची. तोंड भरलंय तोवर ऐकून घ्या, एरवी माझी पाळी कधी यायची? बुळबुळ न काढता एक माकूल पिंपात गेलं, तर तुम्ही ते माझ्या अंगावर भिरकावता. आणि स्वतःचं पोट तसंच बरबटलेलं घेऊन आलात डॉक्टरकडे?”

किनुएनं डोळे वटारले. गालातलं पाणी तिच्याच लाळेत मिसळून दाट होत चाललं होतं. ती लाळ आता तिला वेगळी कळत होती, तारेसारखी, कोमट.

“बाबा गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, आधी दिसलं असतं तर. ते मी पुन्हा ऐकणार नाही. थुंकायचं तर माझ्या अंगावर थुंका.”

चिअकीनं इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. किनुएनं त्याच्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि गिळलं. गोगलगाय घशातून उतरावी तसं ते उतरलं. पाठोपाठ उमासा आला; तोही तिनं गिळला.

मग लोळणं झालं, नळी झाली. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ टॉवेलवर ओघळत राहिली आणि पुसायची मुभा नव्हती. तिला स्वतःचं तोंड कापून टाकावंसं वाटलं. पण पोट धुतल्यासारखं लख्ख दिसत होतं, आणि त्यात करंगळीच्या नखाएवढा डागही. डॉक्टरांनी त्याचा तुकडा घेतला. कर्करोगच निघाला, पण अगदी वरच्या थरातला. नळी घालून आतूनच सोलून काढू, म्हणाले. सोलणं किनुएला पटलं. पुढच्याच महिन्यात त्यांनी तो नीट सोलून काढला.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं की आता दर वर्षी बघायचं, आणि दर वर्षी ते औषध. कर्करोगाचं ऐकताना न हललेला चेहरा तेव्हा वाकडा झाला.

परतताना किनुए बराच वेळ तोंडाला रुमाल लावून बसली होती.

“फार वाईट बोललीस तू त्या दिवशी,” ती म्हणाली.

“हो,” चिअकी म्हणाली.

“पुढच्या वर्षी दारात उभी राहा. नाहीतर मी थुंकून टाकीन.”