माश्यांची परीक्षा बघायला शहाडपलीकडे

माझी मावसबहीण केतकी भाज्यांच्या रोगांवर संशोधन करते. "रविवारी कोपरीत घरी लोळत पडण्यापेक्षा इकडे ये, माझ्या माश्या दाखवते," म्हणाली, आणि मी चक्क गेलो. लोक काश्मीरला जातात, मी शहाडपलीकडे.

पहाटे साडेपाचला बाइक काढली, कारण ऊन तापलं की पांढरी माशी उडते आणि मोजणी फसते. भिवंडी बायपास, दुर्गाडी पूल, कल्याण, शहाडचा पूल. आठनंतर निघालात तर देवच तुमचा वाली. शहाडला वडापाव आणि चहा घेतला, चाळीस रुपये. पुढे मुरबाड रोडने उल्हास नदी ओलांडली की वाडी येते.

जाळीघराच्या दारातच केतकी ओरडली, "अरे, पिवळा टी-शर्ट घालून आलायस? या माश्या पिवळ्या रंगावर तुटून पडतात! सगळ्या तुझ्यावर बसल्या तर मी काय मोजू?" मला तिच्या निळ्या कोटात कोंबण्यात आलं. बटणं लागेनात.

आत भेंडीच्या बारा वाणांच्या कुंड्या गोल मांडलेल्या. काल संध्याकाळी मधोमध माश्या सोडल्या होत्या, जिला जो वाण आवडेल त्यावर तिने बसावं. हीच माशी झाडोझाडी केवडा रोग पसरवते. या वाडीतली भेंडी त्यानेच पिवळी पडली, फक्त इथल्याच शेतकरीण कुसुममावशींचा वाफा हिरवा राहिला. बियाणं त्यांच्या सासूबाईंचं. पण त्यांचा मुलगा म्हणे, नशिबाने वाचलाय, या वर्षी उपटून टाकू आणि विकतचं बियाणं लावू. म्हणून मावशींनी एक कुंडी इथे आणून दिली होती आणि आज त्या स्वतः हजर होत्या.

केतकीने अलगद पानं उलटून मोजलं. इतर वाणांवर बारा, चौदा. मावशींच्या भेंडीवर तेरा, म्हणजे इतरांइतक्याच. मावशींनी पदर तोंडाला लावला. मलाही फार वाईट वाटलं.

"थांबा मावशी," केतकी म्हणाली. "मोजणं अर्धंच काम. आता बघत बसायचं."

तिने माझ्या हातात भिंग दिलं. कोवळं ऊन जाळीतून आत आलं आणि मी श्वास रोखून बघत राहिलो. शेजारच्या पानावर माश्या सुई खुपसून निवांत रस पीत होत्या. मावशींच्या पानावर माशी बसे, टोचून बघे आणि उठे. पुन्हा बसे, पुन्हा उठे. तांदळाच्या कणीपेक्षा लहान तो जीव, पण त्याला चव कळत होती! मी अक्षरशः थक्क झालो.

"टिकून बसलीच नाही, तर झाडात रोग सोडणार कशी?" केतकी म्हणाली. "हा वाण पुढच्या चाचणीला जाणार."

मावशींनी भिंगातून पान बघितलं. "माशीला कळलं," त्या म्हणाल्या, "माझे पोराला कंदी कळंल?"

दुपारी कोपरीला परतलो. जायचंच असेल तर पहाटे जा, पिवळं घालू नका आणि कुणी शेतातलं काही सांगितलं तर लगेच हसू नका. एवढं मी शिकलो. संध्याकाळी केतकीने फोटो पाठवला. मावशींचा मुलगा उकिडवा बसून त्या वाफ्याला काट्यांचं कुंपण घालत होता.