एल्फ बसत नाहीत

"एल्फ बसत नाहीत गा," असं म्हणून माझा मित्र स्वतःच उठायचा. चहासुद्धा दारापाशी उभ्याने. वरठीच्या कारखान्यात आमची पाळी एकच; डबाही तो शेडभोवती फेऱ्या मारत खायचा. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच, ज्याच्याजवळ बसलं की आपल्याच पायांना चैन पडत नाही.

सुट्टीच्या दुपारी आम्ही चौघं त्याच्या घरी खेळायला जमायचो. गोष्ट तो सांगायचा. आमचा प्रत्येकाचा एक एल्फ, म्हणजे जंगलात राहणारा, लांब कानांचा, हजार वर्षं जगणारा माणूस. आपला एल्फ काय करतो ते आपण सांगायचं. जमलं की फसलं ते फासा ठरवायचा. परदेशी पुस्तकांतले एल्फ म्हणे शांत असतात. याचे नव्हते. "हजार वर्षं जगाचं म्हनजे हजार वर्षं कंटाळा. चालन नाही तर करन काय?"

त्यांच्या रीतीभाती त्याने एका जाड रजिस्टरात लिहिल्या होत्या. तळ्याकाठचे एल्फ शिंगाड्यांवर जगायचे, डोंगरातले झाडाला विचारल्याशिवाय मोहफूल वेचत नसत. एक रीत मात्र सगळ्यांची: विणकर मेला की त्याच्या मागावरचं अर्धं कापड कुणी पुढे विणायचं नाही, कापायचंही नाही. झोपड्या अशा मागांनी भरून गेल्या आणि जिवंत एल्फ अंगणात निजू लागले. आम्ही पोट धरून हसलो.

हसताना आम्ही त्याच्या वडिलांच्या मागालाच टेकून बसलो होतो. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. कोसा रेशमाचं पातळ अर्धं विणून तसंच ताणलेलं होतं. त्याची आई, आमच्या काकू, रोज त्यावरची धूळ झटकायच्या. मागाला सोडून कुठे मुक्कामालाही जात नसत. त्याला दूरच्या एका कारखान्यातून बोलावणं आलं होतं, जायचंही फार होतं. "तिले अन् मागाले सोडून जाऊ कसा?" एवढंच म्हणायचा आणि दारापर्यंत जाऊन परत यायचा.

एकदा खेळात माझा एल्फ अशाच मागापाशी पोचला. मी वैतागून म्हणालो, "मी बसतो अन् पुढचं विनतो."

"चालत नाही. रीत हाय."

"ज्यानं सोडलं, त्याले अर्धंच पाहिजे होतं का गा?"

त्याने फासा उचलला, टाकला नाही. आत काकूंच्या भांड्यांचा आवाजही थांबला. तेव्हा कुठे मला कळलं, आपण काय बोलून गेलो ते. "आज इथंच थांबू," तो म्हणाला आणि खाली बसला.

पुढच्या सुट्टीला गेलो तर बाहेरच मागावरच्या धोट्याची खटखट ऐकू आली. काकू कांड्यांवर धागा गुंडाळत होत्या, तो विणत होता. अवघडून, पण बसून. असे किती रविवार गेले. पातळ उतरवलं आणि तो त्या दूरच्या नोकरीवर गेला. जाताना ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, वीतभर टोकं मागावर ठेवून गेला. विणकर तसंच करतात; नवा ताणा त्या टोकांनाच गाठी मारून जोडायचा असतो.

काकू आता अड्याळला बहिणीकडे चार दिवस राहून येतात. परवा ते पातळ नेसून निघाल्या होत्या. मला थांबवून काठ दाखवला. "इथवर त्याहिचं. इथून याचं, पाह्य किती वाकडं." हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "पन बसला होता न गा."

मला त्याची फार आठवण येते. आमचा खेळ तिथेच अडला आहे; माझा एल्फ अजून त्या मागापाशी उभा आहे.